आधी वरची आळी

पाण्याची लाइन आमच्या दारावरून पुढे चढावर जाते. आमच्या बादल्या भरून अंगणही धुऊन होतं, तेव्हा कुठे वरच्या आळीत सुशीलाबाईंच्या नळाला दोऱ्याएवढी धार लागते. कुणी कुणाचं हिसकावत नाही. पाइपच तसा टाकलाय. सुशीलाबाई आमच्याकडे भांडी घासतात. त्यांना उशीर झाला, की आम्ही म्हणतो, "या लोकांना वेळेचं भानच नाही."

आज पाणी सोडणाऱ्या नामदेवने आमचा व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी चढावर पाणी सोडलं. मी खिडकीतून ओरडले, "अरे, आमचं पाणी?"

"येईल वहिनी, अर्ध्या तासात. आजपासून आधी वरची आळी."

सुशीलाबाई वेळेवर आल्या. मी कोरड्या नळापाशी उभी होते, आणि माझ्यावर चक्क अन्याय झाल्यासारखं मला वाटत होतं.