गच्चीवरची बैलजोडी

लग्नांचे फोटो काढून माझं पोट चालायचं. पण जीव रमायचा तो घरांच्या गच्च्यांवर. बीड जिल्ह्यात स्लॅब पडला की वर सिमेंटचं काहीतरी उभं राहायचंच. कुठं गरुड, कुठं ट्रॅक्टर, कुठं फेटेवाला पैलवान. मोकळा दिवस मिळाला की कॅमेरा घेऊन मी एसटीत बसायचो.

त्या दुष्काळात वडवणीजवळच्या एका गावात बैलगाडी दिसली. सिमेंटची, खऱ्याच्या दीडपट, पांढरेशुभ्र बैल जुंपलेली. खाली ओट्यावर एक म्हातारी बसली होती.

"कशाला काढतो फोटो? घर इकायचं न्हाई."

"घर नको आजी, बैल आवडले."

ती हसली. "माणसाला प्यायला पाणी न्हाई, आन् टँकरचं पाणी त्या सिमिटाला घातलं! लेक-सून कड्याच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेले. कारागिरानं बैल त्यांच्या माघारीच केले, रंग बी दिला. त्यांनी बगितलेच न्हाईत अजून."

मोबाइलवर फोटो पाठवायचे दिवस नव्हते. मी बीडला फोटो धुऊन घेतला आणि पुढच्या मोकळ्या दिवशी कड्याची गाडी पकडली. तिथल्या साखर कारखान्याजवळ ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या होत्या. विचारत विचारत त्या जोडप्याच्या कोपीपाशी पोचलो. दोघं नुकतीच उसाची बैलगाडी खाली करून आली होती.

नवऱ्यानं फोटो हातात घेतला आणि खदखदून हसला. "आयला, आपल्या बैलांपेक्षा लई माजलेत की!"

बायको मात्र हसली नाही. "तोंड कुनीकडं हाय ह्यांचं?"

"रस्त्याकडं," मी म्हणालो.

"म्हंजी हे बी निघाले ऊस तोडायला! मी कारागिराला घरी आलेली जोडी कर म्हनलं होतं. घर बांधलं ते काय पुन्हा निघायला?"

तिनं फोटो पदरानं पुसून मला परत दिला. "हा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पट्टा पडला, कारखाना बंद झाला की या, नीट करून दावते."

हंगाम संपल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. कारागिरानं हात वर केले होते. बैल फिरवायचे तर फोडावे लागतील म्हणाला. तेव्हा तिनं स्वतः घण घेऊन गाडी फोडली, छिन्नीनं मानेवरचं जू उतरवलं आणि उरलेल्या सिमेंटात बैलांपुढं गव्हाण बांधून घेतली. मानेवर जू तोडल्याचे वण तेवढे राहिले होते. ते रंगवू का, असं नवऱ्यानं विचारलं, तर तिनं नको म्हटलं.

मी कॅमेरा काढला तशी तिनं सासूला हात धरून वर आणलं, तिला गव्हाणीच्या काठावर बसवलं, नवऱ्याला शेजारी उभं केलं आणि आपण बैलाच्या पाठीवर हात टाकून उभी राहिली.

"आता काढा," ती म्हणाली. "आमी सगळे घरी हाव."