मागच्या सीटवरून

माझी नऊ वर्षांची लेक पुस्तकांचा नुसता फडशा पाडते. लायब्ररीतून पिशवी भरून आणली, तरी चार दिवसांत रिकामी. पण स्वतः लिहायला बसली की तीन वाक्यांत गोष्ट खलास. "अजून डिटेल्स घाल," असं टीचर दरवेळी लिहून पाठवायची. डिटेल्स म्हणजे काय मीठ आहे, वरून भुरभुरायला? माझं डोकंच फिरायचं.

एकदा इकडे परदेशात, आमच्या बॉथेल गावच्या ट्रॅफिकमध्ये मी गाडी चालवत होते. ही मागून ओरडली, "आई, लुक!"

"मला वळून बघता येत नाही. काय दिसतंय ते सांग."

"अ डॉग."

"असे छप्पन कुत्रे पाहिलेत मी. हा कसा आहे?"

तिने काचेला नाक लावलं. मग तिच्या इंग्रजीत सावकाश सांगू लागली. कुत्र्याच्या अंगात पिवळा रेनकोट आहे. सोबतच्या आजोबांकडे छत्री आहे, पण तीही त्यांनी कुत्र्यावरच धरलीये आणि स्वतः भिजतायत.

मला न वळता दोघंही दिसले.

तेव्हापासून गाडीत हाच खेळ सुरू झाला. ती बघायची, सांगायची. मी "हं, मग?" एवढंच म्हणायचे.

परवा तिने शाळेसाठी माझ्यावर पानभर लिहिलं. शेवट असा होता: "गाडीत मला आईचा चेहरा दिसत नाही. आरशात फक्त डोळे दिसतात. मी नीट सांगितलं, की ते हसतात."