दुधातलं निळं कडं

“ही पोरगी दूध प्यायला न्हाय, दुधात खोट काढायला येती की,” पेला घेऊन उभा असलेला एकजण शेजाऱ्याला म्हणाला. मी ऐकलं आणि नमुन्याच्या बाटलीवर खूण करत राहिले.

मंगळवार पेठेजवळच्या त्या चौकात संध्याकाळी म्हशी आणून बांधायचे. गवळीमामा गिऱ्हाइकासमोर धार काढायचे आणि फेसासकट पेला पुढं करायचे. तापवायचा प्रश्नच नव्हता. असलंच दूध अंगी लागतं, हे कोल्हापुरात कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जनावरांचे आजार माणसांपर्यंत आणि खाण्यापिण्यापर्यंत कसे पोचतात, हे शोधणाऱ्या एका प्रकल्पात मी नुकतीच लागले होते. गुरांचा डॉक्टर गुरं बघतो, माणसांचा माणसं. आमच्या सरांना दोघांचे रिपोर्ट एका टेबलावर हवे होते.

माझी शाळा इंग्लिश माध्यमाची. नमुने घ्यायला मामांच्या गोठ्यात गेले की तोंड उघडायचं तर मराठी वाक्य आधी मनात लावून घ्यावं लागे, म्हणून मी गप्पच असायची. गप्प माणसाला लोक विसरतात आणि त्याच्यासमोर मोकळं बोलतात. मामांच्या सुनेला, मी त्यांना वहिनी म्हणायची, संध्याकाळी ताप भरायचा. कंबर धरून त्या भिंतीला टेकायच्या. औषधं झाली, ताप उतरला, पुन्हा आला.

“काम दिसलं की हिला ताप चढतो,” सासूबाई म्हणायच्या.

“ताप काय मी पिशवीतनं आणते व्हय, आत्ती?”

एकदा मी गोठ्यात असताना कळलं, एक म्हस दिवस भरायच्या आधीच गाभडली होती आणि मागून पडायची वार आत अडकली होती. वहिनींनी बाही वर सारली आणि उघड्या हातानं ती ओढून काढली. “माझा हात बारीक हाय. समद्या म्हशींची मीच काढते,” त्या मला म्हणाल्या. गाभडणारी म्हस, उघडा हात, येणारा-जाणारा ताप: मला तिथंच सगळं जुळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्या म्हशीचं दूध आणि रक्त घेतलं, आणि वहिनींना विचारून त्यांचं रक्तही.

दुधात निळ्या रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचा थेंब टाकून नळी ठेवायची. बाधा असेल तर रंग सायीत चढून वर निळं कडं धरतं. त्या नळीत ते ठळक दिसलं. म्हशीच्या रक्तानं दुजोरा दिला आणि वहिनींचा रिपोर्टही तसाच आला. ब्रुसेलोसिस, गुरं गाभडवणारा आणि त्यांच्याकडून माणसाला लागणारा आजार. माझा अंदाज बरोबर निघाला होता.

सर म्हणाले, “गोठ्यात तुम्हीच सांगा. मला बघितलं की ते चहा मागवतात, ऐकत नाहीत.”

दुपारी मी वहिनींना एकटं गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला सांगून काय हुतंय? आत्तींना सांगा. चौकात, सगळ्यांच्या म्होरं सांगा.”

मी तर मामांना बाजूला घेऊन हळूच सांगायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी चौकात गर्दी होती. वहिनी पायरीवर डोकं टेकून बसल्या होत्या. “बसली बघा राणी,” सासूबाई गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. दोघंतिघं हसले. मामांनी पेला माझ्यापुढं धरला. “आज तरी घ्या, मॅडम. नुसतं बाटलीत भरून किती दिवस न्यायचं?”

माझ्यामागं आजोबांचं बोट धरून एक चिमुरडी तिच्या पेल्याची वाट बघत होती. वहिनींनी डोकं उचलून माझ्याकडं पाहिलं. मी पेला घेतला आणि कट्ट्यावर ठेवला.

“मामा, हे दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका. त्या म्हशीला आजार आहे, आणि वार काढता काढता तोच वहिनींना लागलाय. औषधानं बरा होतो. उद्या सकाळी मी त्यांना दवाखान्यात घेऊन जाते.” मी सासूबाईंकडं वळले. “आणि मावशी, त्या कामचुकार नाहीत. तुमच्याच गोठ्यातलं काम करून आजारी पडल्यात.”