एकेचाळीस नग, स्थिर

सोमवारी सकाळी रखवालदाराच्या हातात दोन डबे असत. एक जेवणाचा आणि दुसरा झाकणाला भोकं पाडलेला. कचेरीत आला की तो आधी सायकल शेडमागे जाई. तिथे पाण्याच्या टाकीखाली एक भिंत बारा महिने ओली असे आणि त्या भिंतीवर नखाएवढ्या, तपकिरी, पाठीवर पांढरी रेघ असलेल्या गोगलगायी बसलेल्या असत. त्या तो एकेक करून अलगद काढी, मोजी, भोकांच्या डब्यात ठेवी, रस्ता ओलांडी आणि समोरच्या तारेच्या कुंपणात नेऊन सोडी. गुरुवारपर्यंत सगळ्या पुन्हा भिंतीवर. हे तीन वर्षं चाललं होतं, आणि डायरीत या कामाची नोंद ‘प्रजातीचे संवर्धन’ अशी होत होती.

कचेरी जीवसंपदा रक्षणाची होती, त्यामुळे असल्या नोंदी तिथे कुणाला खटकत नसत. बारा वर्षांपूर्वी कुणा अभ्यासकाने ही गोगलगाय रस्त्यापलीकडच्या ओलसर तुकड्यात शोधून काढली. जगात दुसरीकडे कुठेही ती नाही म्हटल्यावर कचेरी खडबडून जागी झाली. गोगलगायीचं नाव संरक्षित यादीत गेलं, नावापुढे पत्ता गेला आणि त्या पत्त्याभोवती भक्कम कुंपण घालायचं ठरलं. कुंपणाचा पाया इतका खोल खणला की जमिनीखालचा झराच तुटला. तुकडा खडखडीत कोरडा झाला. गोगलगायींनी थोडी वर्षं कशीबशी काढली, मग रस्ता ओलांडून कचेरीच्याच गळक्या टाकीखाली संसार मांडला. आता कायदा असा की कुंपणाच्या आत त्यांना धक्का लागला तर तुरुंग, आणि कुंपणाबाहेर त्या कुणीच नव्हेत.

म्हणून रखवालदार त्यांना त्यांच्या पत्त्यावर पोचवी. परत येताना त्या चिरडल्या जाऊ नयेत म्हणून बुधवारी आणि गुरुवारी सकाळी लाल फडकं घेऊन रस्त्यात उभा राही. एकदा एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “कोण मंत्री चाललाय का?”

“नाही. गोगलगाय आहे.”

“मग बरंय,” म्हणत ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. “लवकर होईल.”

कचेरीत सगळे त्याला मेंढपाळ म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. चौतीस वर्षं नोकरी करून त्याला एवढं कळलं होतं, की या कचेरीत ज्यात जीव वाचतोय की नाही हे डोळ्यांनी दिसतं, असं काम एकट्या त्याच्याकडेच होतं. बाकी सगळे अहवाल वाचवत होते.

आणि मग निवृत्तीला सहा महिने उरले असताना भवन मंजूर झालं. जीवसंपदा भवन, तीन मजली, सायकल शेड पाडून त्याच जागेवर. नकाशा व्हरांड्यात लावला होता आणि त्यात दर्शनी भिंतीवर पांढऱ्या रेघेच्या गोगलगायीचं दहा फुटी चित्र होतं. रखवालदार नकाशासमोर बराच वेळ उभा राहिला. दहा फुटी गोगलगायीच्या बरोबर खाली पाया होता आणि त्या पायाखाली त्याच्या एकेचाळीस.

तो तडक उपसंचालक बाईंकडे गेला. बाई वाईट नव्हत्या, फक्त नियमाबाहेर त्यांना श्वास घेता येत नसे.

“पत्ता बदलून घ्या ना बाई, यादीतला,” तो म्हणाला. “कुंपणाऐवजी आपली भिंत लिहा.”

“त्याला जमीनमालकाचं ना-हरकत लागतं.”

“जमीन तर आपलीच आहे.”

“हो. आणि आपली हरकत आहे,” बाई म्हणाल्या. “आपलं भवन व्हायचंय ना तिथे! आपण आपल्याकडे हरकत नोंदवली, आपण ती दाखल करून घेतली, आता रीतसर सुनावणी होईल. तू ये, तुझंही ऐकून घेऊ.”

सुनावणी खरोखरच झाली. बाई आधी टेबलाच्या अलीकडे बसल्या आणि भवन किती गरजेचं आहे ते त्यांनी पलीकडच्या रिकाम्या खुर्चीला पोटतिडकीने सांगितलं. मग उठून पलीकडे गेल्या, चष्मा लावला आणि अलीकडच्या रिकाम्या खुर्चीला दोन अवघड प्रश्न विचारले. मग पुन्हा अलीकडे येऊन उत्तरं दिली. दुसऱ्या प्रश्नाला त्या अडखळल्या, तेव्हा पलीकडे जाऊन त्यांनी स्वतःला तयारी न करता आल्याबद्दल समजही दिली. रखवालदाराला वाटलं, आता बाजू पलटली. पण निकाल असा लागला, की अर्जदार प्रजाती दोनदा बोलावूनही हजर राहिली नाही, सबब पुढची तारीख सहा महिन्यांनी. पाया खणायला मात्र पुढच्याच आठवड्यात सुरुवात होणार होती.

“बाई, मी डब्यात घेऊन आलो होतो,” रखवालदार म्हणाला. “बाहेर शिपायाने अडवलं. डबे आत न्यायचे नाहीत म्हणाला.”

“नियम आहे तो,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनाही ते सांगताना जरा वाईट वाटलं.

त्या दिवशी रखवालदार घरी गेला तो जेवलाच नाही. घरात भिंतीशी खोकी रचलेली होती. एकुलती लेक दूरच्या गावी असायची. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी तिच्याकडे राहायला जायचं ठरलं होतं. बायकोने तयारी आत्तापासून सुरू केली होती. चौतीस वर्षं या माणसाने सुट्टीच्या दिवशीही कुठल्यातरी बेडकासाठी नाहीतर पाणकोंबडीसाठी घराबाहेर धाव घेतली होती, आणि तिने दर वेळी डबा भरून दिला होता. आता तिला नातीजवळ बसायचं होतं. एवढंच मागणं होतं तिचं, आणि ते जास्त होतं असं कुणी म्हणू नये.

पुढच्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं आली आणि शेड पाडायला लागली. आत एक मोडकं स्टूल होतं. त्यांनी ते बाहेर भिरकावलं मात्र, भांडारपाल आरडाओरडा करत धावत आला. कचेरीतल्या प्रत्येक खुर्ची-टेबलाची नोंद ज्या जाडजूड जडसंग्रह वहीत असते, ती त्याच्या काखेत होती. रखवालदार आणि तो एकाच वर्षी नोकरीला लागलेले.

“हात लावायचा नाही!” तो स्टुलासमोर हात पसरून उभा राहिला. “वहीत आहे हे! अनुक्रमांक दोनशे सहा! निर्लेखन होऊन वहीतून नाव उडाल्याशिवाय याचा खिळासुद्धा हलणार नाही!”

“अहो, पण तीनच पाय आहेत याला,” ठेकेदार म्हणाला.

“वहीत चार आहेत.”

त्या तीन पायांच्या स्टुलापायी काम दोन दिवस बंद राहिलं. शेवटी बाईंनी सही केली, चौघांनी स्टूल पालखीसारखं उचलून भांडारात नेलं, तेव्हा कुठे ठेकेदाराची सुटका झाली. रखवालदार हे सगळं आ वासून बघत होता. कायदा, यादी, कुंपण, सुनावणी, कशालाही जे जमलं नव्हतं, ते एका वहीने एका हाकेत करून दाखवलं होतं.

दुपारी तो भांडारात गेला.

“माझ्या गोगलगायी वहीत चढव.”

भांडारपालाने त्याच्याकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“कचेरीच्या भिंतीवर आहेत. कचेरीचं पाणी पितात. कचेरीच्या नाहीत तर कुणाच्या?”

भांडारपालाने वही पुढ्यात ओढली. त्याने पेन उघडलं. “नग किती?”

“एकेचाळीस.”

“रंग?”

“तपकिरी. पांढरी रेघ.”

“आता हे बघ,” भांडारपाल हळूच म्हणाला, “फिरती वस्तू असेल तर ठेकेदार ती स्टुलासारखी उचलून भांडारात ठेवायला लावेल. बेसिनसारखी स्थिर असेल तर जागेलाच हात लावता येत नाही. खरं सांग. हलतात का त्या?”

रखवालदाराने जरा विचार केला. “मी तीन वर्षं हलवतोय,” तो म्हणाला. “हललेल्या नाहीत.”

भांडारपालाने ‘स्थिर’ लिहिलं आणि शेवटच्या रकान्यावर पेन थांबवलं. “ताबा कुणाकडे? कुणाची तरी सही लागते. आणि लक्षात घे, ज्याच्या नावावर ताबा, त्याला तो दुसऱ्याला मोजून दिल्याशिवाय कार्यमुक्तीचा कागद मिळत नाही. कागद नाही तर निवृत्तीनंतरही रोज हजेरीला यायचं. तुझे किती महिने उरलेत?”

“पाच आणि काही दिवस.”

“वहिनींना विचारून ये.”

रखवालदाराने विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणेल ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ती म्हणेल ते बरोबरच असेल हेही ठाऊक होतं. त्याने सही केली. भवनाची फाईल नकाशा बदलण्यासाठी वर गेली आणि ठेकेदार आपली फावडी घेऊन निघून गेला. रखवालदाराला आनंद झाला आणि त्याच वेळी आपण घरात चोरी केल्यासारखं वाटलं. सोमवारचा दुसरा डबा तेवढा बंद झाला, कारण स्थिर वस्तू डब्यात घालणं आता गुन्हा होता.

निवृत्तीच्या दिवशी फुलं मिळाली, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी कचेरीला निघाला. बायको खोक्यांना दोरी बांधत होती.

“अहो, कुठे निघालात?”

तेव्हा त्याने सांगितलं. ती काही ओरडली नाही. बांधलेली दोरी तिने सोडली, खोक्यातली दोन भांडी बाहेर काढली आणि स्वयंपाकाला लागली. आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. “मीठ पाहिजे?” “नको.” संपलं. ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्याला रोज वाटे.

पडताळणीची तारीख लागली तशी ती पहिल्यांदा सरळ बोलली. “मी येते तुमच्याबरोबर. वही जुळली की सुटका ना? मग माझ्या डोळ्यांदेखत जुळू दे.”

पडताळणीला वरच्या कचेरीतून एक तपासनीस आला होता. नवा रखवालदारही ताबा घ्यायला हजर होता. सगळे भिंतीसमोर उभे राहिले. तपासनीसाने पेन्सिलीच्या टोकाने हवेत टिंबं देत मोजलं, मग पुन्हा मोजलं.

“अठ्ठावन्न,” तो म्हणाला. “वहीत एकेचाळीस. सतरा जास्त आहेत.”

“पिल्लं आहेत ती,” रखवालदार म्हणाला. त्याला हसू आवरेना. त्या भिंतीवर इतक्या त्याने कधीच पाहिल्या नव्हत्या.

“वाढ कशाने झाली त्याचे तीनच पर्याय आहेत. खरेदी, बदलीने प्राप्त, देणगी. जन्म असा पर्याय नाही. खुर्च्यांना होत नाहीत मुलं.” तपासनीस सज्जन माणूस होता. त्याने आवाज खाली आणला. “सोपं आहे. या सतरा नोंदीबाहेरच्या आहेत, म्हणजे केरकचरा. झाडूवाल्याला सांगतो, काढून टाकेल. मग एकेचाळीसला एकेचाळीस जुळतात, हा ताबा घेतो आणि तुम्ही आत्ता या क्षणी मोकळे. संध्याकाळची गाडी मिळेल तुम्हाला.”

रखवालदाराने बायकोकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे बघायचा हक्क आपण त्या सहीबरोबर गमावलाय असं त्याला वाटत होतं. नाही म्हणायला त्याचं तोंड उघडेना आणि हो म्हणायलाही उघडेना.

बायको भिंतीपाशी गेली. तिने ही गोगलगाय कधी पाहिली नव्हती, चौतीस वर्षं नुसते डबे भरले होते. ती वाकली. तिळाएवढं एक पिल्लू ओलीवरून इंचभर चालून दमल्यासारखं थांबलं होतं आणि त्याच्याही पाठीवर पांढरी रेघ उमटायला लागली होती. तिने बराच वेळ पाहिलं.

“मेली काय माणसं आहेत,” ती पुटपुटली. मग सरळ झाली. “साहेब, देणगी लिहा.”

“ताई, देणगीला देणगीदार लागतो.”

“मी आहे की. माझं नाव लिहा. सतरा नग मी दिले.”

“पण देणगी स्वीकारायला वरची मंजुरी लागते. तोवर पडताळणी अपुरी राहते. यांना सोडता येणार नाही. सहा-सात महिने तर कुठे गेले नाहीत.”

“कळलं मला,” ती म्हणाली. “लिहा तुम्ही.”

तिने सही केली. संध्याकाळी तिने लेकीला फोन लावला आणि म्हणाली, “आमचं लांबलंय. सुट्टीत तूच ये पोरीला घेऊन. तिला काहीतरी दाखवायचंय.” मग फोन ठेवून ती थोडी रडली. रखवालदार शेजारी बसून राहिला. त्याला तिची माफी मागायची होती, पण त्याने नुसता तिचा हात धरला आणि तिने तो धरू दिला.

आठ महिन्यांनी मंजुरी आली. पाकीट तिच्या नावाचं होतं. जीवसंपदा रक्षणाच्या थोर कार्यात सतरा नग देऊन मोलाचा हातभार लावल्याबद्दल कचेरी तिची अत्यंत आभारी होती. चौतीस वर्षांच्या डब्यांबद्दल कुणी तिला एका ओळीनेही विचारलं नव्हतं. तिने पत्र दोनदा वाचलं. खाली बारीक अक्षरात सूचना होती, की यापुढे देणगी देण्यापूर्वी किमान पंधरा दिवस लेखी पूर्वसूचना द्यावी.

“काय हो,” तिने चष्मा पुसत विचारलं, “भिंतीखालच्या मातीत ती अंडी परवा दिसली तुम्हाला, ती फुटायला किती दिवस?”

“वीस-बावीस.”

“किती असतील?”

“तीसेक तरी.”

“बसतंय मग मुदतीत,” ती म्हणाली आणि पेन शोधायला उठली.