ताईनं थांबवलेली पाती

सकाळी सातला हिंगणीहून ताईच्या शेजारणीचा फोन आला. "सुधाताई, लवकर या. नलूताई उठून नाई राह्यल्या." आर्वीहून मी पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता महिना झाला...

माझी मोठी बहीण नलिनी गावातल्या शाळेतून शिकून बंगळूरला हेलिकॉप्टरची पाती तपासणारी इंजिनियर झाली आणि निवृत्तीनंतर हिंगणीलाच परतली. तिचं काम तिनं मला एकदा समजावलं होतं. "पातं फिरता फिरता वर-खाली होते, अन् पिळतेही. वजन पुढच्या कडेकडं असलं तर ठीक. मागं सरकलं, तर वाराच त्याले झोके देते. झोका वाढत जाते, अन् मंग पातं राह्यतच नाई." या थरथरीला ते लोक फ्लटर म्हणतात.

तिच्या नोकरीतला तो एक दिवस मला पाठ आहे. दुरुस्त होऊन आलेली चार पाती उंच खांबावर चढवून फिरवायची होती. जाड काचेमागे ताई आणि तिचे साहेब. दोन दिवसांनी तीच पाती घेऊन उडणारा वैमानिक मागच्या खुर्चीत बसलेला. वेग टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, दर टप्प्याला पात्याला हलका धक्का द्यायचा आणि पडद्यावरची थरथर किती वेळात विरते ते बघायचं. आधी ती लगेच विरत होती. मग जरा उशिरा. मग आणखी उशिरा... साहेब म्हणाले, "मर्यादेत आहे. वाढवा." पुढच्या धक्क्यानंतर थरथर विरेचना. वाढलीही नाही, नुसती चालत राहिली. "अजून दहा सेकंद बघू," साहेब म्हणाले. ताईनं लाल बटन दाबलं.

पाती हळूहळू थांबली. मग साहेबांनी विचारलं, कोणता आकडा मर्यादेबाहेर होता? एकही नव्हता. ताईला लेखी खुलासा द्यावा लागला. आठ दिवस तिच्या टेबलाशी कुणी चहाला आलं नाही. रोज ती मला फोन करायची आणि एकच विचारायची, "सुधा, माह्यं चुकलं असंन का?" मी आर्वीतली शाळामास्तरीण, "जेवली का?" एवढंच विचारायची...

नवव्या दिवशी पाती उतरवून एकेक तोलली. एकाच्या मागच्या कडेत, दुरुस्तीच्या जोडातून, पाणी मुरलं होतं. वजन मागे सरकलं होतं. त्या दुपारी तो वैमानिक ताईच्या टेबलाशी आला, चहा प्यायला आणि गेला.

या गोष्टीचं कुणी कौतुक केलं की ताई उठून आत जायची. गेल्या दिवाळीत मी विचारलंच, "तुले पक्कं माहीत होतं ना?"

"नाई. मले फक्त भेव वाटलं होतं. पक्कं कळेपर्यंत थांबली असती, तर उशीर झाला असता."

"मंग कोणी चांगलं बोललं तर उठून काऊन जातं?"

तिनं हातातली कपबशी खाली ठेवली. "भेव दरवेळी खरं नसते वं. त्याच्यानंतर दोनदा मी उगाच थांबवलं... ते कोणी इचारत नाई."

तेरवीच्या स्वयंपाकासाठी तिच्या घरातली भांडी काढली. पळी, झारा, उलथणं, प्रत्येकाच्या दांड्यावर नेलपॉलिशची एकेक बारीक लाल रेघ. "हे काय वं?" शेजारणीनं विचारलं. मी उलथणं त्या रेघेशी बोटावर टेकवलं. ते आडवं, अगदी स्थिर राहिलं; दोन्हीकडचं वजन बरोबर त्या रेघेवर तोललेलं. गॅसवरची भाजी खाली लागत होती, बायका उलथणं मागत होत्या... मला ते बोटावरून काढवेना.