मयेकरचा मूळ अंक

मयेकर कधी पूर्ण बसला, असं मला आठवत नाही. खुर्चीच्या कडेला टेकायचा, एक पाय दाराकडे, आणि चहा निम्मा ठेवून उठायचा. मिरजोळ्याला खोकी बनवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघं स्टोअर सांभाळायचो. जेवणाची सुट्टी झाली की हा डबा तसाच टाकून सायकलवर टांग मारायचा, तो थेट एसटी स्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडे. "अरे, धड जेव तरी मेल्या!" मी ओरडायचो. "लांज्याची रद्दी आलीय आज!" एवढं म्हणेपर्यंत स्वारी फाटकाबाहेर.

तिशी गाठलेला हा बाप्या चित्रकथांचे अंक जमवायचा. कप्तान रणधीर नावाचा कुणी दर्यावर्दी; त्याचे अंक आमच्या लहानपणी महिन्याला एक असे निघत. पुढे बंद पडले. ऐंशीनंतर त्याच प्रकाशकाने ते पुन्हा छापायला घेतले, गुळगुळीत कागदावर, भडक रंगांत. मी म्हटलं, "सुटलास की! आता नवे घे आणि बस वाचत." तर माझ्यावर असा भडकला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी एकाच अंकाच्या दोन प्रती त्याने माझ्या टेबलावर आपटल्या. "हा मूळ, हा पुनर्मुद्रित. पानं मोज." मूळ बत्तीस पानी होता, नवा अठ्ठावीस. "ह्यात कप्तान दोरावरून गलबतावर चढतो. चार चित्रं आहेत. आणि ह्यात बघ, एकदम डेकवर उभा! उडत गेला काय?" खरंच, मधली चित्रं गायब होती. "नवा अंक म्हणजे पोट साफ केलेला मासा," तो म्हणाला. "शिजवायला सोपा, पण आत काय होतं ते कायमचं गेलं." हे वाक्य त्याने मला पुढे इतक्यांदा ऐकवलं की मासे आणायला बाजारात गेलो तरी मला तोच आठवायचा.

त्याच्याकडे मूळ अंक पुष्कळ होते. एक तेवढा मिळत नव्हता, 'शेवटची सफर'. त्याच्यासाठी हा माणूस जिवाचं रान करत होता.

त्यामागचं कारण त्याने मला एकदाच सांगितलं, तेही गोदामात येरझाऱ्या घालत. मयेकरचे वडील बोटीवर खलाशी होते. हा पाच वर्षांचा असताना त्यांनी हा अंक आणला, त्याला मांडीवर घेऊन वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेले. परमुलखातल्या कुठल्याशा बंदरात ते उतरले, ते बोट सुटेपर्यंत परत चढलेच नाहीत. कंपनीने एवढंच कळवलं. त्यांच्या शेजारची, मांडवीतली माणसं काय, बोलायला मोकळीच! तिकडे दुसरा संसार थाटला म्हणाली. आईने कपाळाचं कुंकू तसंच ठेवलं. अंकाला पुढे वाळवी लागली, तेव्हा तिनेच तो न्हाणीच्या चुलीत घातला.

"त्या अंकात कप्तान शेवटी घरी येतो," मयेकर म्हणाला. "धक्क्यावर त्याचा पोरगा उभा असतो. कप्तान त्याला खांद्यावर घेतो नि म्हणतो, आता कुठे जायचा नाही. मला ते पान डोळ्यांसमोर दिसतं! आणि नव्या अंकात काय? गलबत लांब जातं, समाप्त. चार पानं खाल्ली हरामखोरांनी, आणि खाल्ली ती नेमकी तीच!"

"आणि मूळ अंकातही नसलं तर?"

तो थांबला. "नसलं तर बाबा जाताना मला थाप मारून गेले. मग लोक म्हणतात तेच खरं."

पुढे दापोलीच्या बर्वेमास्तरांकडे तो अंक असल्याचा सुगावा लागला. मास्तर स्वतः पट्टीचे संग्राहक. एका रविवारी, बदल्यात द्यायला मयेकरचे मूळ अंक पिशवीत भरून, आम्ही दोघं गेलो. लाल डब्यातून तो अख्खा रस्ता! प्रत्येक थांब्यावर मयेकर खाली उतरायचा आणि कंडक्टरच्या शिव्या खाऊन वर चढायचा. माझं डोकं उठलं होतं.

मास्तरांनी अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता. "तुमचे पहिले बारा मूळ अंक मला द्या, हा तुम्ही घ्या," ते म्हणाले. "त्या बारांची पुनर्मुद्रणं वर देतो, वाचायला होतील."

"शेवटचं पान फक्त बघू?"

"छे छे! पिना गंजल्यात. एकदा उघडलात की पानं सुटलीच. तुमचा झाला की काय ते उघडा."

मी मयेकरची बाही ओढली. "अरे, बारा अंक! शहाणा हो." पण त्याने आपल्या पिशवीतून बारा अंक काढून मास्तरांसमोर ठेवलेसुद्धा.

दापोलीच्या स्टँडवर बाकाशी उभ्याउभ्याच त्याने अंक उघडला. पानं बत्तीस होती. कप्तानाचं गलबत लांब गेलं, समाप्त. पुढच्या चार पानांवर एक शब्दकोडं, वाचकांची पत्रं आणि दंतमंजनाची जाहिरात. मयेकरने ती चार पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. मग तो बाकावर बसला, मागे रेलून, पूर्ण.

परतीला एकाही थांब्यावर उतरला नाही. मला ते सहन होईना. मी मास्तरांना शिव्या घातल्या, प्रकाशकाला घातल्या, "अरे बोल ना काहीतरी!" म्हणून त्यालाही घातल्या.

घरी त्याची आई ओटीवर सुपात सुकट निवडत होती. त्याने अंक तिच्यापुढे टाकला. "नाहीये ते पान. बाबा खोटं बोलले."

काकींनी अंकाकडे बघितलं. "ह्यात कुठून असणार ते? ह्यांना वाचता कुठे येत होतं! सहीपुरतं यायचं. चित्रं बघून मनचं सांगायचे."

"मग तो धक्का? तो पोरगा?"

"ते सगळं ह्यांचंच. मी विचारत होते, परत कधी येणार? तर मला काही बोलले नाहीत, ट्रंक भरत राहिले. मग तुला मांडीवर घेतलं नि ही गोष्ट लावली. मी दारात उभी राहून ऐकत होते. मला वाटलं, मलाच सांगतायत."

"आणि इतकी वर्षं तू मला बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कधी? गावोगावच्या रद्दीवाल्यांना विचारत हिंडलास!"

मयेकर तिथेच पायरीवर टेकला. हसतोय की रडतोय, मला कळेना. "छापलेलं असतं तर ते कुणीही वाचून दाखवलं असतं," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "हे त्यांनी स्वतःच्या मनातून काढलं. म्हणजे त्यांना यायचं होतं रे!"

यायचं असणं वेगळं आणि येणं वेगळं, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी बोलून टाकणारा माणूस. पण त्या दिवशी गिळलं.

"आई," तो म्हणाला, "सांग ना परत. कप्तान धक्क्याला लागतो तिथपासून."

काकींनी सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली.