आजींच्या मांडीवरचं हेल्मेट

माझा नवरा मार खायला वर्गणी भरतो, हे मी सासरी कधी सांगितलं नाही. सासूबाई फोनवर विचारायच्या, "रविवारी काय करता गं?" मी म्हणायचे, "तो फुटबॉल खेळतो, आई." त्यांच्या डोळ्यांसमोर हाफ पँट घालून चेंडूला लाथा मारणारा मुलगा यायचा. मी तो तसाच राहू दिला.

हा फुटबॉल अमेरिकन. यात चेंडूला पाय क्वचितच लागतो, माणसाला मात्र सगळं लागतं. आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या एर्लांगेनहून रीजनल ट्रेनने पाऊण तासावर एक गाव आहे. तिथे पूर्वी अमेरिकन सैन्याच्या बराकी होत्या. सैनिक सुट्टीच्या दिवशी मैदानात एकमेकांवर तुटून पडायचे आणि गावचा तरुण बेकरीवाला पाव पोचवायला जायचा तो त्यांच्यातच उतरायचा. पुढे बराकी रिकाम्या झाल्या. मागे दोन उंच गोलपोस्ट आणि गोदामभर जुनी हेल्मेटं राहिली. बेकरीवाल्याने गावातले प्लंबर, खाटीक, छपरं घालणारे गोळा केले आणि टीम उभी केली.

या टीमचा इतिहास कोणी सन-सनावळीने सांगत नाही, मोडलेल्या हाडांनी सांगतात. पोस्टमनचा गुडघा गेला त्या वर्षी आपण वरच्या लीगमध्ये चढलो. खाटकाचा खांदा निखळला त्या वर्षी खाली आलो. शेजारच्या गावाशी पार्किंगमध्ये मारामारी होऊन दोघांचे दात पडले, तो सामना कोण जिंकलं हे मात्र कोणाला आठवत नाही. क्लब हाउसमध्ये बिअर पिता पिता हे सगळं इतक्या प्रेमाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्या लग्नांची यादी चालली आहे. टीम अर्धी व्यावसायिक. म्हणजे दोन अमेरिकन खेळाडूंना पगार, फ्लॅट आणि एक जुनी गाडी. बाकीच्यांनी स्वतःच्या खर्चाने त्यांच्या शेजारी उभं राहून तुडवून घ्यायचं.

माझा नवरा कराडकडचा. कॉलेजात कबड्डी खेळायचा, कोपऱ्यात उभा राहायचा, आणि त्याच्या मांडीपकडीतून सुटलेला गडी त्याच्या मित्रांना आठवत नाही. एर्लांगेनला आल्यावर मात्र तो खुर्चीत बसला. डोक्याचे फोटो काढणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहायचा आणि संध्याकाळी सायकलवरून घरी येऊन उगाच माझ्याशी भांडायचा. मग ऑफिसातला एक जण त्याला या टीमच्या सरावाला घेऊन गेला. पहिल्याच दिवशी समोरून कपाटाएवढा गडी चेंडू घेऊन पळत आला. हा खाली वाकला, त्याच्या मांडीला मिठी घातली आणि त्याला उचलून पाठीवर आपटला. ट्रेनर पळत आला. "कुठे शिकलास हे?"

"गावाकडे," हा म्हणाला. "मातीत."

त्या दिवसापासून आमच्या घरातली भांडणं बंद झाली. बदल्यात आली काळीनिळी अंगं, मोडलेली बोटं आणि फ्रीजरमध्ये मटारची पाकिटं, जी खायची नव्हती. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे टीमला कळायला एक आठवडा लागला. पुढच्या रविवारी माझ्या हातात टेपचा डबा होता.

मी खोटं बोलणार नाही. मला ते आवडायचं. सोमवार ते शुक्रवार मी क्लिनिकमध्ये म्हाताऱ्यांचे खांदे हळूहळू वर करायचे, "दुखतंय का?" असं दहादा विचारायचे. रविवारी तिथे कोणी कोणाला विचारत नव्हतं. दोन माणसं एकमेकांवर आदळायची तेव्हाचा आवाज पोटात जाणवायचा. कोणी ओकायचं, तोंड पुसायचं आणि परत रांगेत जाऊन वाकायचं. एकाचं बोट मागे वळलेलं असायचं, मी ते ओढून सरळ करायचे, तो आईवरून शिवी द्यायचा आणि थँक्यू म्हणून पळायचा. आणि मी, संध्याकाळी शुभंकरोती म्हणायला लावलेली सांगलीची मुलगी, रेषेवर उभी राहून घसा फुटेपर्यंत ओरडायचे, "पाड त्याला! मार! अजून मार!" मराठीतून ओरडल्यामुळे कोणाला कळायचं नाही. सूर बहुतेक कळत असावा.

एकदा सामन्यानंतर तो स्वयंपाकघरात खांद्यावर मटार ठेवून बसला होता. म्हणाला, "या खेळात एक गोष्ट चुकलीय. इथे कोणी बाद होत नाही."

"म्हणजे?"

"कबड्डीत बाद झालेला बाहेर जाऊन गप बसतो. आपल्यातल्या कोणी समोरचा एक मारला की हा जिवंत. त्यातही रांग असते. जो आधी बाद झाला तो आधी उठणार. कोणी घुसत नाही मध्ये. इथे बाहेर बसवायची सोयच नाही, मग हे लोक एकमेकांना खरंच मारतात."

"मग सोड ना."

"मजा येते गं," तो म्हणाला. मी पाकीट उलटं करून परत त्याच्या खांद्यावर ठेवलं.

बाहेर बसवायची सोय नव्हती असं मात्र नाही. एक होती, आणि ती त्या बेकरीवाल्यामुळे आली होती. आता ते म्हातारे झाले आहेत. टीम पहिल्यांदा वर चढली त्या सामन्यात त्यांच्या डोक्याला जबर मार बसला होता. बाहेर आले, पाणी प्यायले, हसले, परत आत गेले आणि दुसरा मार खाल्ला. सामना टीमने जिंकला. तो कप क्लब हाउसमध्ये काचेआड ठेवलेला आहे आणि म्हातारे त्याच्याकडे कोणाच्या तरी घरच्या वस्तूकडे बघावं तसे बघतात. दर रविवारी त्यांची बायको त्यांना घेऊन येते. रेषेपाशी दोन घडीच्या खुर्च्या मांडते, त्यांच्या पायांवर पांघरूण घालते. ते दर थोड्या वेळाने विचारतात, "किती झाले?" ती दर वेळी सांगते. पुढचा प्रश्न येईपर्यंत ते विसरलेले असतात.

म्हणून टीमचा नियम असा की ज्याच्या डोक्याला लागलं त्याचं हेल्मेट काढायचं आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या आजींच्या, मांडीवर ठेवायचं. हेल्मेटशिवाय मैदानात जाता येत नाही, आणि त्या मांडीवरून हेल्मेट उचलायची कोणाची छाती होत नाही. दीडदीडशे किलोचे गडी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

तो सामना मोसमातला शेवटचा. हरलो तर खालची लीग, आणि क्लबच्या फोरश्टांडने, म्हणजे वरच्या मंडळींनी, स्पष्ट सांगितलं होतं की खालच्या लीगसाठी हे लाड पुरवणार नाही. टीम बंद पडणार अशीच सगळ्यांची समजूत होती. समोर तेच पार्किंगवालं शेजारचं गाव. पहिल्या मिनिटापासून खेळ कमी आणि हिशेब जास्त चालला होता. ढिगाखाली बोटं चिरडली जात होती, हेल्मेटच्या जाळीतून बोटं घालून डोळे चाचपले जात होते. त्यांचा एक धावणारा गडी माझ्या नवऱ्याच्या मागेच लागला होता. तो याच्यावर थुंकला. याने पुढच्या वेळी त्याला असा आपटला की त्याच्या नाकातून रक्त आलं, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्ये ते दोघं समोरासमोर आले. दोघंही वाकले, दोघांनीही डोकं पुढे केलं. आवाज आला आणि त्यानंतर मी ओरडायची थांबले. पडताना अंगाखाली मुडपलेला पाय धरून तो गडी किंचाळत होता. माझा नवरा उताणा पडला होता आणि त्याचा एक हात हवेत ताठ उभा होता. तो हात कोणाला बोलवत नव्हता. तसा हात म्हणजे मेंदूला मार बसल्याची खूण, हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि आता ते माझ्या घरातल्या माणसाला झालं होतं.

मी पोचायच्या आत तो उठलासुद्धा. स्वतःच्या पायांनी रेषेबाहेर आला आणि गवतावर मांडी घालून बसला, ताठ, हात गुडघ्यांवर. मला क्षणभर वाटलं, शहाणा आहे, बसला तरी.

मी समोर बसून त्याचं हेल्मेट काढलं. "अरे, कुठे आहोत आपण?"

"बाद झालो ना," तो म्हणाला. "त्याचा हात रेषेला पोचला. सर चिडलेत का?"

मी हेल्मेट आजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हात त्यावर ठेवले. अँब्युलन्सवाले पलीकडच्या रेषेबाहेर नेलेल्या त्या गड्याच्या पायाशी अडकले होते, त्याचं हाड बाहेर आलं होतं. मी हात हलवून त्यांना बोलावलं. त्यांनी हातानेच सांगितलं, आलोच.

तेवढ्यात आमच्या टीमने गुण केला. सगळं गाव उठून ओरडलं. माझा नवराही उठला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"जिवंत झालो," तो म्हणाला. "टोपी दे."

"बस खाली."

"अगं, एक मारला आपण! मी जिवंत झालो!" तो आजींकडे निघाला. मी दंड धरला, त्याने झटकला, मी गवतावर पडले. लग्नानंतर त्याने माझ्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. ट्रेनर धावत आला. "उठला ना हा? मग काय, चालतोय, बोलतोय. एकच क्वार्टर!"

"काय बोलतोय ते कळतंय का तुला?" मी जर्मनमध्ये किंचाळले आणि दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का मारला. तो एक पाऊल मागे गेला, पण त्याची नजर मैदानावरच होती. त्या क्षणी मला तो माणूस, तो खेळ, ते गाव आणि इतके रविवार "मार, मार" म्हणणारं माझं तोंड, सगळ्यांचा मनापासून संताप आला.

नवऱ्याने हेल्मेटची जाळी धरली. आजींनी हेल्मेट पोटाशी धरलं होतं, त्या सोडेनात. त्याने हिसडा दिला. खुर्ची उलटली आणि आजी हेल्मेटसकट गुडघ्यांवर आल्या. त्यांचा गुडघा फुटला, मोज्यातून रक्त दिसायला लागलं, तरी हात सुटले नाहीत. त्याने मूठ उचलली. सत्तरीच्या पुढच्या बाईवर. मी त्याच्या थोबाडीत मारायला हात उगारला आणि तो तसाच थांबवला. त्या डोक्याला आता कोणीही हात लावायचा नव्हता, मीसुद्धा.

माझा जोर संपला होता. मग मला तो खांद्यावर मटारचं पाकीट ठेवून सांगत होता ती कबड्डीतली रांग आठवली.

"थांब," मी म्हणाले. "तुझा नंबर नाही."

मूठ हवेतच राहिली. "मी एकटाच तर बाद आहे."

"एकटा नाहीस. ते बघ." मी दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं. म्हातारे पांघरुणाखाली बसून मैदानाकडे बघत होते. "ते तुझ्या आधी बाद झालेत."

त्याने बघितलं. कपाळाला आठ्या घालून नीट बघितलं.

"कधी?"

"खूप आधी."

त्याची जाळीवरची बोटं एकेक करून सुटली. "मग आधी ते," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा झाला होता. "नियम आहे." आणि तो म्हाताऱ्यांच्या खुर्चीशेजारी गवतावर मांडी घालून बसला.

मी आजींना उठवलं. त्यांनी विचारलं, काय सांगितलंस त्याला? मी जर्मनमध्ये सांगितलं, जमेल तसं. त्यांनी आपल्या नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. बरोबर. खुर्ची सरळ करून त्या बसल्या आणि हेल्मेट परत मांडीवर घेतलं.

सामना आम्ही हरलो. टीम खाली गेली, पण बंद पडली नाही, छपरं घालणाऱ्यांनी आणि खाटकांनी ती धरून ठेवली. ट्रेनर गेला. माझ्या नवऱ्याच्या डोक्याचे फोटो त्याच्याच कामाच्या मशीनवर निघाले, बरेच आठवडे तो अंधाऱ्या खोलीत पडून राहिला आणि मग हळूहळू ऑफिसला जायला लागला. त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नाही. हे सगळं नंतरचं.

मला आठवते ती अँब्युलन्सवाले येईपर्यंतची वेळ. आमच्या टीमने आणखी एकदा गुण केला. लोक पुन्हा ओरडले. माझ्या नवऱ्याने मान वर केली आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजोबा," तो मराठीत म्हणाला, "उठा. तुमचा नंबर आला."

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग मैदानाकडे. "किती झाले?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. आजींनी सांगितलं.

"उठा ना, आजोबा. मी तुमच्या मागे आहे."

आजी माझ्याकडे बघत होत्या. मी टेपचा डबा उघडला आणि त्यांच्या फुटलेल्या गुडघ्याला पट्टी लावायला लागले. त्याने म्हाताऱ्यांचा गुडघा पुन्हा हलवला, अगदी हळू, आणि वाट बघत बसला. म्हातारे उठले नाहीत, म्हणून माझा नवराही उठला नाही.